मोबाईलमधली किल्ली: व्हीपीएन, खेळांची दुकाने आणि मुलांची तब्येत

परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. ‘डॉक्टर, पोरगं दिवसभर मरगळलेलं असतं. डोकं दुखतं म्हणतं, डोळे चुरचुरतात, जेवणावर वासना नाही. अशक्तपणा आलाय. एखादं टॉनिक द्या, नाहीतर एक सलाईन लावा.’ तपासावे तर ताप नाही, हिमोग्लोबिन व्यवस्थित, छाती-पोट स्वच्छ. मग रात्री किती वाजता झोपतोस, असे विचारले की मुलगा जमिनीकडे पाहतो आणि आई सांगते, ‘दहाला दिवा बंद करतो.’ दिवा दहाला बंद होतो हे खरे. मोबाईल किती वाजता बंद होतो, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते.

अशा काही मुलांच्या मोबाईलवर वरच्या पट्टीत, बॅटरीच्या चिन्हाजवळ, एक लहानशी किल्ली दिसते. काही मोबाईलवर किल्लीऐवजी इंग्रजीत व्ही, पी, एन ही तीन अक्षरे असतात. बहुतेक पालकांना ही खूण कशाची ते माहीत नसते. ती व्हीपीएन चालू असल्याची खूण आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. मुलांच्या झोपेला, डोळ्यांना आणि घरच्या पैशाला जपण्यासाठी गेल्या काही वर्षांत कायद्याने आणि कंपन्यांनी जी कुंपणे घातली, त्यांतली बरीच या किल्लीने ओलांडता येतात. आणि कुंपणापलीकडे काही बिघडले, तर त्याची लक्षणे शेवटी डॉक्टरकडेच येतात.

व्हीपीएन म्हणजे काय?

पूर्ण नाव ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’, म्हणजे आभासी खासगी जाळे. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. आपण इंटरनेटवर काहीही मागवले की आपल्या जोडणीचा एक क्रमांकवजा पत्ता समोरच्याला कळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून हा ग्राहक भारतातला, तो जर्मनीतला, हे दुकानाला समजते.

आता पूर्वीच्या टपालाचे उदाहरण घ्या. दौलताबादच्या एका माणसाला मुंबईच्या दुकानातून वस्तू मागवायची आहे, पण आपले गाव कळू द्यायचे नाही. त्याने आपले पत्र नागपूरच्या पाहुण्याकडे पाठवले. पाहुण्याने ते दुसऱ्या पाकिटात घालून पुढे टाकले. दुकानदाराला शिक्का नागपूरचा दिसला. उत्तरही नागपूरला गेले आणि तिथून दौलताबादला आले. व्हीपीएन हेच काम क्षणार्धात करते. शिवाय वाटेत कोणाला पत्र वाचता येऊ नये म्हणून ते कुलूपबंदही करते.

ही सोय मुळात वाईट नाही. घरून काम करणारे पुण्याचे संगणक अभियंते कंपनीच्या कामासाठी रोज व्हीपीएन लावतात. बँका आणि मोठी रुग्णालये आपल्या शाखा अशाच जाळ्याने जोडतात. भारतात व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही. मात्र २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि वापराची कारणे यांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले.

मधला पाहुणा कोण आहे, हा यातला महत्त्वाचा प्रश्न. आपल्या किल्ल्यातली ‘अंधारी’ सर्वांनी पाहिली आहे. कातळातली ती वाट किल्लेदाराने शत्रूला चकवण्यासाठी केलेली. वळणे त्याला माहीत, आत शिरलेल्याला नाहीत. फुकटच्या व्हीपीएनचे तसेच आहे. वाट ज्याची, त्याला येणारा-जाणारा दिसतो. फेसबुकचे ‘ओनाव्हो’ नावाचे फुकट व्हीपीएन लोक सुरक्षिततेसाठी वापरत होते आणि त्यातून कंपनी लोकांच्या वापराची माहिती गोळा करत होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून काढावे लागले आणि २०१९ मध्ये बंद झाले. ‘होला’ या दुसऱ्या फुकट सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झाले की ती आपल्या ग्राहकांचीच इंटरनेट जोडणी इतरांना विकत होती. म्हणजे कोण्या परक्याचे उद्योग आपल्या घराच्या पत्त्यावरून चालायचे. फुकट मिळणाऱ्या औषधाची बाटली आपण निदान कोणत्या कंपनीची ते पाहतो. फुकटच्या व्हीपीएनबाबत तेवढीही चौकशी होत नाही.

कुंपण कोणते आणि ते का घातले?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात ‘पबजी मोबाईल’ होता. कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, मुलांच्या तब्येतीचे नव्हे. पण पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मुलांनी मात्र आठवड्याभरात तोड काढली: व्हीपीएन लावायचे आणि त्याच खेळाची कोरियातली आवृत्ती उतरवून घ्यायची. व्हीपीएन हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी ‘बीजीएमआय’ या नावाने आला. त्या वेळी काही चांगल्या अटी होत्या. १८ वर्षांखालील मुलाला पालकाचा फोन क्रमांक देणे आवश्यक, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त खेळ नाही, आणि दिवसाच्या खर्चाला ७,००० रुपयांची मर्यादा. (ही रक्कमही आपल्याकडच्या घरांना परवडणारी नव्हे, पण मर्यादा तरी होती.) जुलै २०२२ मध्ये तो खेळही दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. यातली मेख पाहा. भारतीय आवृत्तीला तीन तासांचे बंधन आहे. परदेशी आवृत्ती चोरवाटेने आणणाऱ्या मुलाला ते बंधन लागत नाही.

दुसरे मोठे कुंपण २०२५ चे. ऑनलाईन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचे विधेयक लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाले आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने खेळांचे तीन भाग केले. पहिला ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचे खेळ. दुसरा सामाजिक व करमणुकीचे खेळ. या दोहोंना मुभा आहे. तिसरा पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ. त्यांवर बंदी. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. तो पीडित मानला आहे. हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी ऑगस्ट २०२५ मध्येच पैशांचे खेळ बंद केले.

पण परदेशातून चालणारे सट्ट्याचे अड्डे या कंपन्यांसारखे मुकाट्याने बंद होत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ‘महादेव’सह २२ ॲप आणि संकेतस्थळे रोखली होती. अशा धंद्यात एक नाव रोखले की दुसऱ्या नावाने दुकान उघडते, नवा दुवा मोबाईलवर येतो आणि खाली सूचना असते: ‘उघडत नसेल तर व्हीपीएन लावा.’ इथे पैसे लावणाऱ्याचे जिंकलेलेही मिळेल याची हमी नाही, आणि हरलेल्याची दाद कोणत्या देशात मागायची हेही कळत नाही.

परदेशातला अनुभव

आपल्यापैकी अनेकांची नातवंडे लंडन-मेलबर्नला आहेत, म्हणून तिकडचेही पाहू. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाईन सुरक्षा कायद्यातील वयपडताळणी २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. लगेच तिथे सर्वाधिक उतरवल्या जाणाऱ्या ॲपच्या यादीत व्हीपीएन वर चढले. ‘स्टीम’ हे संगणकावरील खेळांचे जगातले एक मोठे दुकान. त्याने ऑगस्ट २०२५ अखेर ब्रिटनमधील ग्राहकांना प्रौढांसाठीच्या खेळांचे पान पाहण्यासाठी खात्यात क्रेडिट कार्ड असण्याची अट घातली, कारण तिथे क्रेडिट कार्ड १८ वर्षांनंतरच मिळते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अठराच्या आतील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ऑनलाईन खेळ ठेवला. तिथली मुले आजी-आजोबांच्या नावाची खाती वापरू लागली. दक्षिण कोरियात १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते पहाटे सहा खेळबंदी करणारा २०११ चा कायदा होता. दहा वर्षांनी तो मागे घेण्यात आला.

यावरून कायदे निरुपयोगी आहेत असे समजू नका. हेल्मेटचा नियम मोडणारे आहेत म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. कायद्याने वाईट वस्तू हाताला सहज लागत नाही, एवढे नक्की होते. पण रात्री बाराला पांघरुणाखाली काय चालले आहे, ते पाहण्याचे काम घरच्यांचेच राहते.

चोरवाटेने गेल्यावर काय गमावते?

पहिले, वयाची खूण. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाला ३, ७, १२, १६, १८ असे वय दिलेले असते. मूल दुकानाबाहेरून फाईल आणून खेळ बसवते तेव्हा ही खूण नसते. त्या फाईलमध्ये खेळासोबत आणखी काय येते तेही कळत नाही. एसएमएस वाचण्याची परवानगी मागणारे असे ॲप तुमच्या बँकेचा ओटीपीही वाचू शकते.

दुसरे, वेळेची आणि खर्चाची मर्यादा. ती वर सांगितली.

तिसरे, पैसे परत मिळण्याची सोय. प्ले स्टोअरवर चुकून झालेल्या खरेदीचा परतावा ४८ तासांच्या आत मागता येतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. ही सोय सरळ दाराने आलेल्या ग्राहकासाठी आहे.

चौथे, खाते. काही मुले स्वस्त मिळते म्हणून व्हीपीएनने दुसऱ्या देशाच्या दुकानातून खेळ घेतात. तुर्कस्थान आणि अर्जेंटिना हे देश त्यासाठी प्रसिद्ध होते. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने तिथल्या किमती डॉलरमध्ये केल्या. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिले आहे की राहण्याचे ठिकाण लपवून खरेदी करू नये, केल्यास खाते बंद होऊ शकते. वर्षभराच्या खाऊच्या पैशांतून जमवलेले सगळे खेळ त्या खात्यासोबत जातात.

पाचवे नुकसान माझ्या मते सर्वांत मोठे. मूल तक्रार करू शकत नाही. सरळ दाराने जाऊन फसले तर ते आईला सांगेल. चोरवाटेने जाऊन फसलेले मूल गप्प बसते.

शरीर काय सांगते?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. मोबाईलचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य मेंदूत उशिरा स्रवते. त्यात खेळातली चढाओढ. शत्रू समोर असताना हृदयाचे ठोके वाढतात आणि खेळ थांबवल्यावरही तासभर डोळा लागत नाही. परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्या मुलाचे सोबती दुसऱ्या देशात असतात. त्यांची संध्याकाळ ती आपली मध्यरात्र. ‘सगळे तेव्हाच ऑनलाईन असतात’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे.

झोप अपुरी पडली की सकाळी डोके जड होते, चिडचिड होते, वर्गात डुलक्या येतात, पाठांतर टिकत नाही. मग जागे राहण्यासाठी एनर्जी ड्रिंकची बाटली येते. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे पेय लहान मुलांसाठी नाही. त्यातल्या कॅफीनने छातीत धडधडते, भूक मरते आणि पुढची रात्रही जाते. ज्या मुलांना फिट येण्याचा त्रास आहे, त्यांना जागरण विशेष घातक. झोप कमी झाली की औषध चालू असूनही फिट येऊ शकते.

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये यासाठी रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळणे हा उत्तम उपाय आहे. मान वाकवून बसल्याने मान, खांदा आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखते. यांपैकी एकाही तक्रारीवर सलाईन हा उपाय नाही.

व्यसन कधी म्हणायचे?

दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या अकराव्या रोगसूचीत घेतला. ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा दिल्या आहेत. एक, खेळावर ताबा राहत नाही; कधी सुरू करायचे, कधी थांबायचे हे ठरवता येत नाही. दोन, जेवण, अभ्यास, मित्र, घरची कामे या सर्वांपेक्षा खेळ वरचढ होतो. तीन, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. हे साधारण बारा महिने चालले आणि शिक्षण, घर, कामधंदा यांवर स्पष्ट परिणाम झाला तर विकार म्हणायचे. लक्षणे तीव्र असली तर त्याआधीही निदान करता येते.

मेंदू यात कसा अडकतो? अनेक खेळांत पैसे देऊन एक बंद पेटी घ्यायची असते. आत काय निघेल ते आधी कळत नाही. कधी भारी बंदूक निघते, बहुतेक वेळा किरकोळ वस्तू. दर वेळी बक्षीस मिळाले असते तर कंटाळा आला असता. कधीही मिळाले नसते तर नाद सुटला असता. कधी मिळते, कधी नाही, यामुळे ‘आता पुढची’ ही ओढ लागते. जत्रेतली चक्री याच तत्त्वावर चालते. बेल्जियमने एप्रिल २०१८ मध्ये अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवले.

व्हीपीएनचा यातला अर्थ डॉक्टर म्हणून मी असा लावतो. ते स्वतः रोग नाही, ते लक्षण आहे. तापासारखे. ताप दिसला की कारण शोधावे लागते. मूल केवळ मित्रांबरोबर राहण्यासाठी चोरवाट धरते आहे, की थांबता येत नाही म्हणून, की पैसे हरल्यावर ते भरून काढण्यासाठी? या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. तिसरे कारण सर्वांत धोक्याचे.

पालकांनी काय करावे?

१) रात्री सगळ्यांचे मोबाईल एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर, चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही.

२) किल्ली दिसली तर आधी शांतपणे विचारावे, ‘हे कशासाठी लावलेस?’ उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. मग सेटिंगमध्ये व्हीपीएन शोधून मुलाच्या समक्ष काढावे.

३) प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असे करून ठेवावे. गूगलची ‘फॅमिली लिंक’ ही फुकट सोय लावली तर मुलाने मागितलेले ॲप पालकाच्या संमतीनंतरच येते आणि वेळेची मर्यादाही घालता येते.

४) यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये. ‘जरा रिचार्ज करून दे रे’ म्हणून आपणच तो सांगितलेला असतो. आजच बदलावा. आजोबांच्या मोबाईलचाही बदलावा. खात्याचे विवरण महिन्यातून एकदा वाचावे. लहान लहान रकमा पुन्हा पुन्हा गेलेल्या दिसल्या तर चौकशी करावी.

५) एखाद्या रविवारी मुलाशेजारी बसून तो खेळ अर्धा तास पाहावा. कोणाबरोबर खेळतोस, किती वाजता सुरू होतो, पैसे कुठे लागतात, हे त्यालाच समजावून सांगू द्यावे. या अर्ध्या तासात जे कळते ते महिनाभराच्या पाळतीत कळत नाही.

६) खेळ एकदम बंद करण्याऐवजी वेळ ठरवावी आणि संध्याकाळी मैदानावरचा खेळ परत सुरू करावा. रिकाम्या झालेल्या वेळेला काम मिळाले नाही तर मूल पुन्हा मोबाईलकडे वळते.

काय करू नये? मोबाईल आपटून फोडू नये. नातेवाइकांसमोर मुलाची लाज काढू नये. ‘पोलिसांत देईन’ अशी भीती घालू नये. ज्याला नाद लागला आहे त्याचा मोबाईल अचानक हिसकावला की काही दिवस संताप, रडणे, अन्न सोडणे असे होते. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पैसे हरलेला तरुण गप्प राहू लागला, उधारी लपवू लागला, ‘माझ्यामुळे घराला त्रास’ अशी भाषा करू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, तर थांबू नका. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलल्याने भार हलका होतो. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात. जीव गेला तर काही मिळवायचे उरत नाही.

मदत कोठे मिळेल?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८. पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचे खास चिकित्सालय सुरू केले. म्हणजे हा विकार नवा किंवा लाजिरवाणा नाही. त्यावर समुपदेशनाने उपचार होतात. सोबत नैराश्य किंवा चंचलतेचा विकार असेल तर त्याचीही औषधे आहेत.

पालकांच्या शंका

माझी मुलगी संगणकशास्त्र शिकते. तिच्या मोबाईलवर किल्ली आहे. काळजी करावी का?
नाही. कॉलेजच्या किंवा कामाच्या गरजेसाठी व्हीपीएन लागू शकते. झोप, जेवण, अभ्यास आणि पैशाचा हिशेब नीट असेल तर किल्लीची भीती नको. फुकटचे, अनोळखी कंपनीचे असेल तर मात्र ते काढायला सांगा.

पैसे गेल्याची तक्रार दिली तर मुलावरच गुन्हा होईल का?
२०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे वर सांगितले. भीतीपोटी गप्प बसू नका. गप्प बसल्याचा फायदा फसवणाऱ्यालाच होतो. मुलाला सोबत घेऊन जा आणि मोबाईलमधले संदेश पुसू नका. तेच पुरावे असतात.

झोपेची गोळी दिली तर?
देऊ नका. मोबाईल रात्री नऊला ओसरीवर गेला आणि सकाळी उठण्याची वेळ रोज तीच ठेवली, तर दोन-तीन आठवड्यांत झोप आपोआप जागेवर येते. एवढे करूनही आली नाही, तर मुलाला घेऊन दवाखान्यात या. येताना मोबाईलही बरोबर आणा.